अकरा, किंवा बारा

आमच्या शहराचं नावच लष्कर.
कधीकाळी ठोकलेले तंबू उपटायचे राहून गेले,
दोरांच्या जागी गल्ल्या आल्या,
कंपूत शिकवण्या आल्या, गजकेची दुकानं आली.

तालमीत, हनुमंताच्या डाव्या हाताला
एक सागवानी फळी आहे. तेलरंगातली मोडी, शके १८४०.
वाचता येणारी मी एकटी उरले,
म्हणून बायकांना उंबऱ्याआत न घेणाऱ्या जागेत
वर्षातून एकदा मला खुर्ची मिळते.
चपला बाहेर. चष्मा आत.

मोडी अण्णांनी शिकवली, दप्तरातून आणलेल्या रद्दीवर.
आधी रेघ ओढायची, या काठापासून त्या काठापर्यंत,
मग तिला अक्षरं टांगायची, ओल्या कपड्यांसारखी.
शब्द कुठे संपला हे रेघ सांगत नाही.
वाचणाऱ्यानं ठरवायचं, अण्णा म्हणत,
दाणावैरणीच्या हिशेबात त्यानं फारसं बिघडत नाही.

रखमाजी शितोळे, मी वाचते. एक मुलगा तांबड्या मातीत एक जोर काढतो.
मुन्नू नालबंद. एक जोर.
बळवंता, घोड्यांमागचा. आडनाव नाही. एक जोर.
प्रत्येकापुढे तेच: मुक्काम मिसर.
लहानपणी मला वाटे, मिसर म्हणजे मुरारच्या पुढचं स्टेशन,
छोट्या गाडीनं जायचं,
सोबत दशम्या बांधून दिल्या की
दिवेलागणीला माणूस परत.

सातव्या ओळीत लिहिलंय
हैबतीसंताजी.

हैबती, संताजीचा मुलगा?
की हैबती. आणि संताजी.
मधे श्वास घेतला तर एक माणूस जास्त मरतो,
नाही घेतला तर एक माणूस
कधी जन्मलाच नव्हता.

फळीखाली बेरीज होती. तिथे वाळवी पोचली आधी.
मोतीमहालात मी चार उन्हाळे गेले,
पेन्शनच्या वहीत अंगठा सापडला, एकच,
निळा, बाईचा, शेजारी "हैबतीची".
पण संताजी असलाच तर एकोणीस वर्षांचा असेल,
बिनलग्नाचा,
त्याच्यासाठी अंगठा उठवायला कोण जाणार होतं?

गुढ्याच्या सुमतीबाई धायगुडे दर वर्षी येतात,
मागच्या भिंतीला टेकून बसतात. एकदाच बोलल्या:
आमच्याकडे पितरांच्या पानात एक घास जादा ठेवतात,
कुणाचा ते सासूलाही ठाऊक नव्हतं.
हा काही पुरावा नाही.
मी त्यांना तसं सांगितलंही,
आणि घरी येऊन
भाताच्या पातेल्यात कितीतरी वेळ डाव फिरवत राहिले.

एकतीस वर्षं मी त्या ओळीला खोकत आले.
खोकला म्हणजे ना श्वास, ना सलग वाचन.
कुणी विचारलं नाही. लोकांना नाव नको असतं,
नाव वाचलं जातंय एवढं पुरतं.
पुढाऱ्याचं भाषण, हार, मग बुंदी.

यंदा सातव्या ओळीला भदौरियांचा धाकटा होता,
बारा वर्षांचा, कानात माती.
मी वाचलं, हैबती,
तो खाली गेला,
आणि माझा खोकला आलाच नाही.
घसा कोरडा, स्वच्छ. बोट रेघेवर.
मी रेघ चाचपत होते, रंग कुठे किंचित पातळ झालाय का,
लिहिणाऱ्यानं कुंचला उचलला होता का इथे,
बुडवला होता का पुन्हा,
की एका दमात गेला होता पुढे, त्यालाही माहीत नसताना.

"दादी," खालून आवाज आला, "ऊपर आऊँ?
या एक और है?"

हसलं कुणीतरी. सुमतीबाई नाही.
त्याची छाती मातीपासून चार बोटं वर,
कोपरं थरथरत होती,
आणि तो वर येत नव्हता.